प्रिओरात : पाटीच्या दगडातली वाइन आणि डोंगरातले जेवण

प्रिओरात ही स्पेनमधल्या सर्वांत भरदार लाल वाइनपैकी एक. रंग जवळजवळ काळपट जांभळा, चव दाट आणि तुरट, अल्कोहोल साडेचौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात, आणि पिकलेल्या काळ्या फळांच्या मागोमाग रानातल्या रोझमेरीचा व दगडाचा वास. ती जिथे होते तो प्रदेश कातालोनियाच्या दक्षिण भागात, तारागोना प्रांतात, भूमध्य समुद्रापासून वीस-तीस किलोमीटर आत आहे. समुद्र इतका जवळ असूनही तिथे पोहोचल्यावर किनाऱ्याची काही खूण दिसत नाही. उत्तरेला मोन्सान्त डोंगराची सलग कडा उभी, मधून सिउराना नदी एब्रो नदीकडे उतरत गेलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना एकमेकांत घुसलेल्या टेकड्यांवर ग्रातायोप्स, पोरेरा, पोबोलेदा, तोरोखा अशी लहान लहान गावे. सपाट जमीन जवळजवळ नाहीच.

या वाइनचे मूळ तिच्या मातीत आहे, आणि माती म्हणावे असे तिथे फारच थोडे आहे. टेकड्या स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या. स्थानिक लोक या दगडाला लिकोरेया म्हणतात. तो तपकिरी-काळा असतो, हातात घेऊन दाबला तर पापुद्र्यांनी सुटतो, आणि त्यातले अभ्रक उन्हात चमकते. वरचा थर वीतभर कपच्यांचा. त्यात पाणी ठरत नाही, खतावळ साठत नाही. वेलीची मुळे दगडाच्या उभ्या फटींतून खाली जातात आणि कित्येक मीटर खोलवर, जिथे हिवाळ्यातली ओल टिकून असते, तिथे पाणी शोधतात. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळा कडक. दिवसा तापलेला दगड रात्रीही ऊब सोडत राहतो. वायव्येकडून येणारा कोरडा थंड वारा आणि दुपारनंतर समुद्राकडून चढणारी दमट झुळूक एवढाच काय तो दिलासा.

अशा जागी वेल फळ कमी धरते. जुन्या वेलीला किलोभर द्राक्षेही येत नाहीत, आणि जी येतात त्यांचे मणी बारीक, साल जाड, रस थोडा. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. रस कमी आणि साल जास्त असली की वाइन दाट होणारच. प्रिओरातचा भरदारपणा हा कुणा कारागिराची युक्ती नाही, तो टंचाईतून आलेला आहे. हे लक्षात घेतले तर तिचा पुढचा सगळा इतिहास, आणि तिच्याबरोबर काय खाल्ले गेले याचाही इतिहास, नीट उलगडतो.

लिखित इतिहास मठापासून सुरू होतो. ११९४ मध्ये आरागोनचा राजा दुसरा आल्फोन्सो याने मोन्सान्तच्या पायथ्याशी कार्थूशियन पंथाच्या संन्याशांना जमीन दिली. इबेरियन द्वीपकल्पातला हा त्या पंथाचा पहिला मठ. एका मेंढपाळाला तिथल्या पाइनच्या झाडावरून देवदूत शिडीने स्वर्गात चढताना दिसले, अशी आख्यायिका आहे. त्यावरून मठाचे नाव स्काला देइ, देवाची शिडी, असे पडले. मठाच्या प्रमुखाला प्रायर म्हणत. आसपासच्या गावांवर त्याचीच सत्ता चाले, त्यामुळे त्या मुलखाला प्रिओरात हे नाव मिळाले. हे संन्यासी प्रोव्हान्सकडून आले होते आणि द्राक्षवेलींची निगा त्यांना ठाऊक होती. शेतावरचे कष्टाचे काम मठातले सेवेकरी आणि गावातले कुळवाडी करत. पण कुठला उतार वेलींना द्यायचा, वाइन कुठे साठवायची, हे मठ ठरवी.

आज प्रिओरातचे नाव निघाले की भाजलेले कोकरू नाहीतर रानडुकराचा रस्सा आठवतो. मात्र ज्यांनी ही द्राक्षशेती शिस्तीला लावली ते संन्यासी मांस खातच नसत. कार्थूशियन पंथात मांस पूर्ण वर्ज्य आहे. प्रत्येक संन्यासी आपापल्या कोठडीत एकटा राही. कोठडीला लागून लहानशी बाग असे, आणि भिंतीतल्या झरोक्यातून जेवण आत सरकवले जाई. पाव, भाज्या, कडधान्ये, अंडी, चीज, कधी मासे, आणि वाइन. आठवड्यातला एक दिवस नुसता पाव आणि पाणी. म्हणजे जवळजवळ साडेसहाशे वर्षे या वाइनच्या सर्वांत मोठ्या मालकांच्या ताटात मांस नव्हते. ‘लाल वाइन म्हणजे मांसाबरोबरची’ हा आजचा सरसकट नियम या वाइनच्या जन्मघरी तरी लागू नव्हता.

मठाचा शेवट राजकारणाने झाला. १८३५-३६ मध्ये स्पेनचा पंतप्रधान मेंदिसाबाल याच्या सरकारने मठांच्या जमिनी जप्त करून लिलावात काढल्या. स्काला देइचे संन्यासी १८३५ मध्ये बाहेर पडले, त्यांच्यामागे मठ लुटला गेला आणि जाळला गेला. जमिनी धनिक कुटुंबांच्या हाती गेल्या. मठाचे अवशेष आजही एस्कालादेइ वस्तीजवळ उभे आहेत. (कार्थूशियनांचा या प्रांताशी संबंध मात्र पुन्हा एकदा आला. १९०३ मध्ये फ्रान्समधून हाकलले गेल्यावर त्या पंथाच्या संन्याशांनी आपले प्रसिद्ध शार्त्रूझ मद्य तारागोना शहरात बनवायला सुरुवात केली, आणि तिथले उत्पादन १९८९ पर्यंत चालले.)

मठ होता तेव्हाही या मुलखातली सगळी वाइन मठात पीत नसत. डोंगराखालचे रेउस हे शहर अठराव्या शतकात युरोपातल्या ब्रँडीच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक झाले. पॅरिस आणि लंडनच्या बरोबरीने रेउसचा भाव सांगितला जाई. ‘रेउस, पॅरिस आणि लंडन’ हा शब्दप्रयोग कातालान बोलीत अजून आहे. आजूबाजूच्या डोंगरांतली वाइन खेचरांवरून रेउसला यायची, भट्टीत ऊर्ध्वपातन होऊन ब्रँडी व्हायची, आणि किनाऱ्यावरून उत्तर युरोपला व अमेरिकेला जायची. उरलेली वाइन घराघरांत रान्सी होई. रान्सी म्हणजे मुद्दाम हवा लागू देऊन वर्षानुवर्षे पिंपात मुरवलेली वाइन. रंगाने तांबूस, वासाला अक्रोड आणि जळक्या साखरेच्या जवळची. घरातल्या कोपऱ्यात एक जुने पिंप असे. त्यातून काढायचे तेवढे काढायचे आणि तेवढीच नवी वाइन वरून घालायची, त्यामुळे पिंप कधी रिकामे होत नसे आणि तळाशी आजोबा-पणजोबांच्या काळातला अंश राही. स्वयंपाकातही रान्सी लागेच: मांसाच्या रश्श्यात एक पेला, गोड पदार्थात दोन चमचे. आज बाटलीतली लाल प्रिओरात जगभर पोहोचली असली, तरी घरातली खरी जुनी वाइन रान्सीच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या डोंगरांवर पैसा आला, आणि तो दुसऱ्याच्या संकटातून आला. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा हा अमेरिकेतून आलेला बारीक किडा वेलींची मुळे खाऊ लागला आणि मळेच्या मळे वाळले. फ्रेंच व्यापाऱ्यांना रंगाची, ताकदीची वाइन हवी होती; ती स्पेनमधून मिळाली. १८८२ च्या फ्रान्स-स्पेन व्यापारी कराराने जकात उतरली आणि मागणी आणखी वाढली. प्रिओरातमध्ये मिळेल त्या उतारावर वेली चढल्या. दगडी ताली घातल्या, जिथे खेचरही जेमतेम उभे राहील तिथे लागवड झाली. सुबत्तेच्या या काळात द्राक्षांखालचे क्षेत्र सुमारे पाच हजार हेक्टरांवर गेले असे सांगतात.

मग दोन आघात पाठोपाठ आले. १८९२ मध्ये करार संपला आणि फ्रान्सने जकात वाढवली. १८९३ मध्ये तोच किडा प्रिओरातमध्ये पोहोचला. उपाय तोवर माहीत होता: अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचे कलम बांधायचे. पण त्यासाठी आधी सगळ्या मेलेल्या वेली उपटायच्या, नवे खुंट विकत घ्यायचे, आणि तीन-चार वर्षे उत्पन्नाशिवाय काढायची. कातालोनियाच्या अनेक भागांत याला कुळकायद्याचाही फास होता. तिथे खंडाचा करार वेलींच्या आयुष्याला बांधलेला असे. दोन तृतीयांश वेली मेल्या की कुळाचा जमिनीवरचा हक्क संपे. किड्याने वेली मारल्या आणि त्याबरोबर हजारो कुळांचे करारही. प्रिओरातमध्ये ज्यांना शक्य होते ते बार्सेलोनाला किंवा रेउसच्या कापडगिरण्यांत गेले, काही बेयमुन्तच्या शिशाच्या खाणीत उतरले. त्या खाणी १९७२ पर्यंत चालल्या. वरच्या उतारांवर पाइन आणि झुडपे परतली. आजही झाडीत शिरले की मोडक्या दगडी ताली लागतात.

जे राहिले त्यांनी सहकार उभा केला. फालसेत आणि कोर्नुदेया या गावांतल्या सहकारी वाइनघरांच्या इमारती १९१९ मध्ये सेसार मार्तिनेल या वास्तुकाराने आखल्या. तो आंतोनी गाउदीचा शिष्य. विटांच्या उंच कमानींखाली त्याने सिमेंटच्या टाक्या मांडल्या. शेतकऱ्यांच्या घामाला इतकी देखणी वास्तू फार थोड्या ठिकाणी मिळाली आहे. पण आत जी वाइन होई ती बहुतेक सगळी पिंपांतून, टँकरमधून, बिननावाने जाई. तिचे काम एकच होते, दुसऱ्या प्रदेशांतल्या पातळ, फिक्या वाइनला रंग आणि बळ देणे. अठरा टक्क्यांपर्यंत चढणारी वाइन मिसळायला सोयीची होती. १९५४ मध्ये प्रिओरातला भौगोलिक नामांकनाचा कायदेशीर दर्जा आणि नियमावली मिळाली, तरी ग्राहकाच्या टेबलावर ते नाव क्वचितच पोहोचत होते. त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात एब्रो नदीवरची १९३८ ची लढाई जवळच झाली होती. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीने ऑलिव्हची झाडे मारली. नंतर शहरातल्या कारखान्यांनी तरुण ओढून नेले. १९७० च्या दशकाअखेर द्राक्षांखाली सहाशे-सातशे हेक्टरच उरले.

या काळात डोंगरातले लोक काय खात होते ते पाहण्यासारखे आहे, कारण प्रिओरातबरोबरचे खरे जेवण तिथेच घडले. शेतावर नेण्याचा पदार्थ म्हणजे क्लोचा. गोल पावाचा अर्धा भाग घ्यायचा, आतला मऊ गर काढायचा, त्या वाटीत निखाऱ्यावर भाजलेला टोमॅटो आणि लसूण कुस्करायचा, भरपूर ऑलिव्हचे तेल ओतायचे, खारवलेला हेरिंग मासा भाजून घालायचा, आणि काढलेल्या गराने झाकण लावायचे. छाटणीच्या दिवसांत ताल संपेपर्यंत खाली गावात उतरता येत नसे. ही शिदोरी दिवसभर पुरे, आणि तेल पावात मुरून ती दुपारी अधिकच चवदार लागे. सोबत पोर्रो: लांब निमुळती चोच असलेले काचेचे भांडे, जे ओठांना न लावता उंच धरून धार तोंडात सोडायची. एकाच भांड्यातून दहाजण पिऊ शकत, आणि वाइन हवेतून पडताना थोडी मोकळीही होई.

घरी उल्देमोलिन्स गावाकडचे त्रुइता आम्ब सुक असे, म्हणजे पालक आणि पांढऱ्या घेवड्याचे ऑम्लेट तुकडे करून पातळ रश्श्यात सोडलेले. मांस रोजचे नव्हते, ऑम्लेटवरच पोट भरायचे. डुक्कर हिवाळ्यात एकदा मारले जाई आणि त्याची बोतिफारा नावाची सॉसेजेस वर्षभर पुरवली जात. ससा, तितर, रानडुक्कर शिकारीतून येई. रस्सा दाट करायला पिठाऐवजी पिकादा: बदाम, हेझलनट, लसूण, तळलेला पाव आणि अजमोदासारखी पार्सली खलबत्त्यात वाटून शेवटच्या दहा मिनिटांत घालायची. शिकारीच्या रश्श्यात तिच्यात चॉकलेटचा एक तुकडाही पडे. हेझलनट रेउसच्या आसपासचे, तेल सिउरानाच्या आर्बेकिना ऑलिव्हचे. दोन्हींना आज आपापले भौगोलिक मानांकन आहे. टोमॅटो, मिरची आणि कोको हे तिन्ही अमेरिकेतून सोळाव्या शतकाच्या सुमारास आले, तेव्हा मठाच्या सुरुवातीच्या शतकांतले जेवण यापेक्षा बरेच वेगळे असणार. पण सुकामेवा, तेल, पाव आणि वाइन ही चौकट तीच.

१९७९ मध्ये रने बार्बिए हा फ्रेंच घराण्यातला वाइनकार ग्रातायोप्सला जमीन घेऊन राहिला. त्याच्याभोवती काही मित्र जमले: रिओहामधल्या वाइनवाल्या घरातला तरुण आल्वारो पालासिओस, फालसेतच्या वाइनशाळेत शिकवणारे जीवशास्त्रज्ञ जुझेप ल्युइस पेरेस, कार्लेस पास्त्राना, आणि डाफ्ने ग्लोरियां. यांनी १९८९ च्या हंगामाची वाइन एकत्र बनवली आणि क्लोस मोगादोर, क्लोस दोफी, क्लोस मार्तिनेत, क्लोस दे लोबाक, क्लोस एरास्मुस अशा वेगवेगळ्या नावांनी बाटल्यांत भरली. गार्नाचा आणि कारिन्येना या स्थानिक जातींबरोबर त्यांनी काबर्ने सोव्हिन्यों, सिरा या फ्रेंच जाती लावल्या, आणि नवी फ्रेंच ओकची लहान पिंपे आणली. पालासिओसने १९९३ मध्ये ग्रातायोप्सजवळच्या उभ्या उतारावरच्या जुन्या गार्नाचापासून लेर्मिता ही वाइन काढली. ती लवकरच स्पेनमधल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक झाली. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्करच्या मासिकाने २००४ च्या क्लोस एरास्मुसला शंभरपैकी शंभर गुण दिले.

ही कथा बहुधा पाच जणांच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. धाडस होतेच. पण लेर्मितासारख्या वाइनला लागणाऱ्या साठ-ऐंशी वर्षांच्या वेली पाच जणांनी लावल्या नव्हत्या. विकायला भाव नसताना, मुले शहरात गेलेली असताना, ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी खेचराने नांगरून त्या वेली जिवंत ठेवल्या, त्यांच्याविना १९८९ मध्ये काहीच करता आले नसते. पोरेरा गावाच्या कारिन्येनाबद्दल हे विशेष खरे आहे. ही जात आंबट, राकट म्हणून हिणवली गेली होती. जुन्या वेलीवरची कारिन्येना किती खोल चवीची असते हे जगाला पोरेराने दाखवले. गायक ल्युइस ल्याकने त्याच गावात सुरू केलेल्या वाइनघरानेही त्यात हातभार लावला.

दर्जाची मान्यता मागोमाग आली. कातालान सरकारने २००० मध्ये प्रिओरातला सर्वोच्च नामांकन दिले, स्पेनच्या केंद्र सरकारने त्यावर २००९ मध्ये शिक्कामोर्तब केले. देशात हा दर्जा याखेरीज फक्त रिओहाकडे आहे. २००९ पासूनच बाटलीवर गावाचे नाव घालण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि नंतर एकेका शिवाराची, एकेका मळ्याची प्रतवारीही आली. आज सुमारे दोन हजार हेक्टर द्राक्षांखाली आहेत आणि वाइनघरे शंभराच्या वर. चवही बदलली. १९९० च्या दशकातली प्रिओरात ओकच्या वासाने आणि फळाच्या गोडव्याने इतकी भारावलेली असे की दुसरा पेला घ्यायला विचार करावा लागे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनेकांनी काबर्ने कमी केले, नव्या पिंपांऐवजी मोठी जुनी पिंपे किंवा मातीचे रांजण घेतले, द्राक्षे जरा लवकर खुडायला सुरुवात केली. हा बदल योग्य दिशेने आहे, कारण जेवणाबरोबर चालते ती हीच वाइन.

जेवणाशी तिचे कसे जमते याला कारणे आहेत. तुरटपणा देणारी द्रव्ये तोंडातल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतात, म्हणून जीभ कोरडी पडते. समोर मांसाची प्रथिने आणि चरबी असली की ती द्रव्ये तिकडे गुंततात आणि वाइन मऊ लागते. म्हणून निखाऱ्यावर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या, बोतिफारा आणि पांढरा घेवडा, किंवा नाताळातली मोठ्या हंड्यातली मांस-भाज्यांची एस्कुदेया यांच्याबरोबर कोवळी प्रिओरात शोभते. निखारे द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांचे असले तर त्यांचा धूर चवीला जोडून घेतो. रानडुकराच्या रश्श्याला मात्र आठ-दहा वर्षे मुरलेली बाटली बरी. चॉकलेट आणि हेझलनटची पिकादा तिच्यातल्या चामडे-सुक्या अंजिराच्या वासाशी एकजीव होते. कुठल्याही देशात मिळणाऱ्या जाड स्टेकपेक्षा हा रस्सा तिच्यासाठी कितीतरी सरस आहे.

मांसाशिवायही जोड आहेत. शरद ऋतूतले रानातले मश्रूम, निखाऱ्यावर भाजून सोललेली वांगी व ढोबळी मिरची, जुने मेंढीचे चीज, यांना गार्नाचाचे प्रमाण जास्त असलेली वाइन चालते. हिवाळ्याअखेरी वाल्स गावाकडून पसरलेली काल्सोतादा ही काल्सोत नावाच्या कोवळ्या कांद्यांची मेजवानी असते: कांदे ज्वाळेवर काळे करायचे, वरची साल ओढून काढायची आणि आतला मऊ दांडा रोमेस्को चटणीत बुडवायचा. ही चटणी न्योरा नावाच्या सुक्या, सौम्य मिरचीची असते. सौम्य हे महत्त्वाचे. तिखट मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, म्हणून पंधरा टक्क्यांची वाइन झणझणीत रश्श्याबरोबर दोघांचेही नुकसान करते. तेलकट मासे आणि तुरट लाल वाइन एकत्र आल्यास तोंडात धातूसारखी चव येते तीही टाळावी. वाइन सोळा ते अठरा अंशांवर प्यावी; उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला ठेवली तर फक्त अल्कोहोल जाणवते. कोवळी बाटली तासभर आधी उघडून रुंद भांड्यात ओतून ठेवलेली बरी. जेवणाअखेर भाजलेले बदाम, हेझलनट, सुकी अंजिरे आणि रान्सीचा लहान पेला.

प्रिओरातपुढचे आजचे संकट पाण्याचे आहे. २०१९ च्या जूनमधल्या उष्णतेच्या लाटेत कोवळे घड वेलीवरच करपले, आणि २०२२ ते २०२४ च्या दुष्काळात जुन्या, खोल मुळांच्या वेलींनीही मान टाकली. पीक मोठ्या प्रमाणावर घटले. काही शेतकरी उत्तरेकडच्या सावलीतल्या, जास्त उंचीवरच्या उतारांवर नवी लागवड करत आहेत, काही काबर्ने काढून कारिन्येना परत लावत आहेत, कारण ती उन्हातही आंबटपणा टिकवते.